वाऱ्याची चावी

डॉक्टर भाविनीने एक्स-रेची फिल्म खिडकीकडे धरली आणि बराच वेळ ती खाली आणलीच नाही. देवकी स्टुलावर बसून तिच्या चेहऱ्याकडे बघत होती. कॉटवर तिचा नवरा सदानंद मास्कच्या आत श्वास ओढत होता. नरपड गावच्या या दांडग्या मच्छीमाराचं न्यूमोनियाने चार दिवसांत पार चिपाड केलं होतं.

ताप उतरलाय, रक्तही सुधारलंय, मग फुप्फुसं का बिघडतायत ते भाविनीला कळेना. ऑक्सिजन जास्त झाला की असं होतं, ती म्हणाली. लोखंड गंजतं तशी फुप्फुसं आतून खराब होतात. त्यासाठी तिने सलाईनमधून एक अँटिऑक्सिडंट औषध सुरू करायला सांगितलं होतं. संगिता सिस्टर ते भरतही होती.

देवकीला गंज समजावून सांगायची गरज नव्हती. होडीच्या लोखंडाला रंग फासण्यात सदानंदची दरवर्षी दोन दिवस पाठ मोडायची.

"पण आपण ऑक्सिजन सहा लिटरवरच ठेवलाय," भाविनी सिस्टरला म्हणाली. "सहावर एवढं होत नाही. म्हणजे आजारच वाढतोय. दुपारी नळी घालून व्हेंटिलेटरवर घेऊ."

भिंतीवरच्या ऑक्सिजनच्या काचेच्या नळीत छोटी गोळी सहाच्या रेघेवर तरंगत होती. ती तिथे कशी आली ते देवकीला ठाऊक होतं. दाराशी चपलांचा आवाज झाला, तेव्हा तिनेच घाईने चावी फिरवून ती खाली आणली होती.

जन्मभर तिने बोंबील वाळवले. किनाऱ्यावर वलांडीच्या आडव्या बांबूंवर जोडीजोडीने अडकवायचे आणि वाऱ्याची वाट बघायची. वारा पडला की माल सडला. वारा जास्त झाला म्हणून कुणी रडल्याचं तिने पाहिलं नव्हतं. मग नवऱ्याला मोजून मापून वारा द्यायचा, हे तिला पटेना. सिस्टर गेली की ती चावी पूर्ण सोडायची. मॉनिटरच्या पडद्यावरचा ऑक्सिजनचा आकडा शंभरला जायचा आणि तिला बरं वाटायचं. चार दिवस तिने या कामात कुचराई केली नव्हती.

आता रडू यायला हवं होतं. आलं नाही. हातापायांत कुणी ओली वाळू भरल्यासारखं झालं होतं. गप्प बसलं तर कुणाला कळणार नाही, एवढंच डोक्यात आलं आणि तिथेच थांबलं.

ती उठली. भाविनीच्या देखत तिने चावी फिरवली. गोळी सरसर वर चढली आणि टोकाला जाऊन बसली.

"तुम्ही गेलात की एवढा," ती म्हणाली.

संगिता सिस्टरच्या हातातली सुई थांबली. भाविनीने पुढे होऊन गोळी सहावर आणली, पडद्याकडे बघितलं, आणखी थोडी खाली आणली. मग सिस्टरला म्हणाली, "नळी घालायचं राहू द्या. औषध लावा. संध्याकाळपर्यंत बघू."

"वाचतील?" देवकीने विचारलं.

"बघू, मावशी."

देवकीने स्टूल उचललं. कॉटला वळसा घालून ते सदानंदच्या पायाशी नेलं, भिंतीपासून लांब, हात पोचणार नाही इतकं. तिथे बसून तिने त्याचे तळवे मांडीवर घेतले.