दुसरा ग्लास

माझा भाऊ अमरनाथ रोज पहाटे पळायचा. छातीत कळ आली त्या दिवशी अ‍ॅम्ब्युलन्स दोन तासांनी आली. मातीला पुढाऱ्यांची भाषणं मात्र वेळेवर झाली.

आम्हा लिंगायतांत मेलेल्याला बसवून पुरतात. त्याचे ताठलेले पाय मांडीत दुमडायला तिघे लागले.

तीन महिन्यांनी, गावाला अ‍ॅम्ब्युलन्स मिळावी म्हणून, त्याच्या नावाने मी लातूरच्या मॅरेथॉनला उतरले. शेवटपर्यंत पळाले तरच देणगीदार गाडी देणार होते.

पाण्याच्या पहिल्याच टेबलावर पोरीने दोन ग्लास पुढे केले. मी एक घेतला. पुढच्या टेबलावरच्या पोरीनेही दोनच.

"एकटी हाय मी," मी म्हणाले.

ती माझ्या मागे बघून हसली. मागे मोकळा रस्ता होता.

अडतिसाव्या किलोमीटरला पाय लटपटले. टेबलाजवळच्या खुर्चीत बसायला मी वाकले. तिथल्या मावशी दुसरा ग्लास उचलत होत्या. तो रिकामा होता.

"बस की बाई, दम खा. तुझ्यासंगच्या दादालाबी म्हणलं, तर बसंनातच."

"काय म्हणले ते?"

"म्हणले, तीन महिने झाले, बसूनच हाय."