पांढऱ्या जोडीची पिल्लं

"कोणी सोडला यात दुसरा नर?"

टाक्यांच्या खोलीतून नवऱ्याचा आवाज आला आणि तिच्या हातातली सुरी भाजीवर तशीच थांबली. ती धावत गेली. तो काचेला नाक लावून उभा होता, हातात भिंग. टाकीत आठवड्याभराची पिल्लं वळवळत होती. सगळी काळपट. औषधालाही एक पांढरं नव्हतं.

"आई पांढरी, बाप पांढरा, आणि पिल्लं ही असली!"

इतकी वर्षं जे त्याच्या ओठांवर उघडपणे कधी आलं नव्हतं, ते आज माशांच्या निमित्ताने बाहेर पडलं.

दोघांच्याही अंगात जन्मापासून रंग नव्हता. केस कापसासारखे, पापण्यासुद्धा पांढऱ्या, ऊन डोळ्यांना सोसायचं नाही. दोन्ही घरच्यांनी हात टेकले होते. मग कुणीतरी हे दूरचं स्थळ सुचवलं आणि सगळे म्हणाले, चला, जोडी जमली! लोक हसले, पण तिला काही वाटलं नाही. लग्नानंतर पहिल्या सकाळी त्याने न सांगता खिडकीचा पडदा ओढला होता. उजेड आपल्याला टोचतो हे समजणारं माणूस तिला आयुष्यात पहिल्यांदा भेटलं होतं.

आणि मग मुलगी झाली. गव्हाळ, काळ्याभोर केसांची.

लोकांच्या जिभेला काय, हाड नसतं. दुधात कोळसा कुठून पडला म्हणे! पण लोकांचं सोडा. त्याचं काय? तो वडिलांच्या वेळेपासून घरातलेच पांढरे मासे वाढवत आलेला. पांढऱ्याला पांढरी लावायची, पिल्लं पांढरी. दुसरं काही त्याने कधी बघितलंच नव्हतं. दवाखान्याच्या खाटेवरून ती म्हणाली, "तुमचीच आहे हो." तो म्हणाला, "पांढऱ्याला पांढरंच होतं." एवढंच. मग त्याने तोंड फिरवलं.

पुढे तिने शपथा घेतल्या, भांडली, रडली, शेवटी बोलायची थांबली. त्यानेही विषय काढला नाही. पोरीची फी भरली, बूट आणले, ताप आला तेव्हा डॉक्टरकडे नेलं. लोक त्याला देवमाणूस म्हणत. पण त्याने तिला कधी मांडीवर घेतलं नाही, कधी लाडाने हाक मारली नाही. रात्री पोरगी झोपली की आई तिच्या केसांवरून हात फिरवायची आणि तिला वाटायचं, हा हात त्याचा हवा होता. एकदाच. बाकी काही नको. ही आस काही केल्या मरत नव्हती.

या खेपेला त्याने लांबच्या एका व्यापाऱ्याकडून नवी पांढरी मादी आणली होती, कारण घरच्या माशांचं बी कमजोर झालं होतं. टाकी खरडून धुतली, जाळी वेगळी ठेवली, जोडी सोडली आणि खोलीला कुलूप घातलं.

"मी विचारतोय, नर कोणी सोडला?"

"कुलूप तुमचं," ती म्हणाली, "किल्ली तुमच्या कमरेला. खोलीत शिरणारे तुम्ही एकटे. दुसरा नर येणार कुठून?"

मग रागारागाने त्याने व्यापाऱ्याला फोन लावला. डोळ्यांजवळ धरल्याशिवाय आकडे दिसायचे नाहीत, म्हणून त्याचा फोन नेहमी स्पीकरवर असायचा.

"भेसळीची मादी गळ्यात मारलीत माझ्या!"

पलीकडचा माणूस खो खो हसला. "काळी निघाली ना पिल्लं? अहो, निघणारच! तुमचा पांढरा एका घराण्याचा, माझी पांढरी दुसऱ्या घराण्याची. रंग शिजायला चूल लागते आणि लाकडंही लागतात. तुमच्या नराकडे चूल नाही, माझ्या मादीकडे लाकडं नाहीत, म्हणून दोघंही कोरे. पिल्लाला तिच्याकडून चूल मिळाली, त्याच्याकडून लाकडं. मग रंग शिजणार नाही तर काय होणार?"

"म्हणजे... बाप तोच?"

"तोच हो! गरीब बिचाऱ्याच्या बायकोवर कशाला संशय घेता?"

मग अगदी हळू त्याने विचारलं, "हे माशांतच होतं का?"

"माशांत होतं, उंदरांत होतं, माणसांतसुद्धा होतं. का हो?"

त्याने फोन ठेवला. उपड्या बादलीवर बसला. त्याचा चेहरा असा झाला होता की तिला त्याच्याकडे बघवेना. बऱ्याच वेळाने त्याने हाक मारली, "मैने, इकडे ये."

पोरीला मैना म्हणायची ती फक्त आई. पोरगी दारात आली आणि आधी आईकडे बघू लागली, जाऊ का म्हणून. आईने मान हलवली. पोरगी बिचकत त्याच्यापुढे उभी राहिली. त्याने हात उचलला, मध्येच थांबवला आणि मग तिच्या काळ्या केसांवर ठेवला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते त्याने पुसलंही नाही.

हा क्षण आईने मनात किती वेळा पाहिला होता! दर वेळी ती त्यात आनंदाने रडायची. आज तिला रडू आलं नाही.

"अगं," तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "हे मला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं."

"मी सांगितलं होतं," ती म्हणाली.