पिंजऱ्याची कडी

रविवारपर्यंत कुत्रं पिंजऱ्यात गप्प बसायला शिकलं नाही, तर परत पाठवीन, असं लेकानं सासूबाईंना बजावलं होतं. सासूबाईंचा जीव तर कुत्र्यात अडकलेला. आठवडाभर त्यांनी बिस्किटं चारली, शिव्या घातल्या. पण आत ढकललं की ते भोकाड पसरायचं. सुनेला दया आली की सासूबाई खेकसायच्या, "ओरडणं थांबल्याशिवाय कडी काढायची नाही!" रविवार उजाडला. वैतागून त्या स्वतःच रांगत पिंजऱ्यात शिरल्या. "बघ मेल्या, असं बसायचं!" कुत्र्यानं आनंदानं बाहेरून दारावर उडी मारली आणि कडी बसली. सासूबाईंनी घर डोक्यावर घेतलं. सून हसू दाबत आली. "आधी ओरडणं थांबवा, आई." सासूबाई जन्मात पहिल्यांदा गप्प झाल्या. कडी निघाली, तसं कुत्रंच आत घुसलं आणि त्यांच्या मांडीवर झोपलं. "आता लाव कडी," त्या कुजबुजल्या, "बोलाव तुझ्या शहाण्याला."