इरिमी आणि फ्रिज

“इरिमी!” गुरूंनी, म्हणजे सेन्सेईंनी, पुकारलं.

इरिमी म्हणजे समोरून येणाऱ्याच्या अंगावर सरळ आत शिरायचं. तेंकान म्हणजे कडेने वळायचं. ऐकिडो या जपानी युद्धकलेतल्या निळ्या पट्ट्याच्या परीक्षेला उभ्या राहिलेल्या बाईंना झोपेतून उठवून विचारलं असतं तरी हे सांगता आलं असतं. तीन वर्षं असले शब्द चिठ्ठ्यांवर लिहून त्यांनी स्वयंपाकघरभर चिकटवले होते. दिवसभर बस चालवून घरी आल्या की ओट्यासमोर सराव चालायचा. अडचण एकच. सरळ पाऊल टाकलं की फ्रिज आडवा यायचा. मग त्या वळायच्या.

जोडीदार हात उगारून आला. इथे फ्रिज नव्हता. तरी बाईंचा पाय वळलाच.

वळला तोही इतका झोकात, की जोडीदार भेलकांडत जाऊन गादीवर धप्पकन पडला. बाकावरच्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या. बाईंना मात्र आपली चूक कळली. त्यांनी सेन्सेईंकडे पाहिलं. सेन्सेईंनाही कळलं होतं.

आता या सेन्सेई म्हणजे बाईंची पोटची पोर. घरात ठमी. आईला अगं-तूगं करणारी, ओला टॉवेल पलंगावर टाकून बोलणी खाणारी. वर्गाच्या दारात चपला काढल्या की मात्र आई ‘तुम्ही’ व्हायची आणि ठमी ‘सेन्सेई’. नियम आईनेच घातला होता आणि एकदाही मोडला नव्हता. तोवर मायलेकी दुसऱ्यांच्या वर्गात जायच्या, ठमी शिकवायला आणि आई शिकायला; गेल्याच महिन्यात ठमीने स्वतःचा वर्ग काढला होता. तिने घेतलेली ही पहिलीच परीक्षा. सकाळी चपलांच्या फळीपाशी एक शिष्य दुसऱ्याला डोळा मारत म्हणाला होता, “आईसाहेबांचा निळा पट्टा काय, घरूनच बांधून आणला असेल!” ते मायलेकी दोघींनीही ऐकलं होतं.

सेन्सेई निकाल वाचू लागल्या. चौघे पास. मग त्या थांबल्या. कागदाची कड त्यांच्या बोटांत चुरगळली.

“तुम्हाला इरिमी सांगितलं होतं. तुम्ही तेंकान केलंत. तीन महिन्यांनी पुन्हा बसा.”

डोळा मारणारा खाली बघू लागला. बाईंनी गुडघ्यांवर बसून दोन्ही तळवे गादीवर टेकले आणि वाकून नमस्कार केला. “आभारी आहे, सेन्सेई,” एवढंच म्हणून त्या कपडे बदलायच्या खोलीत गेल्या.

वर्ग रिकामा झाला तरी त्या बाहेर येईनात. ठमीने आवरलेल्या गाद्या पुन्हा एकदा आवरल्या. आईने निळा पट्टा आधीच आणून, इस्त्री करून कपाटात ठेवलाय, हे तिला ठाऊक होतं. शेवटी ती दाराशी गेली आणि तिथेच थबकली. आत आई फोनवर मावशीशी बोलत होती. आवाज असा खणखणीत, की बसच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचावा.

“नापास! अगं हो, सगळ्यांच्या देखत नापास केलं मला! रडू कशाला? पट्ट्याचं काय घेऊन बसलीस ताई, तो मिळेल की तीन महिन्यांनी. माझी ठमी आज सेन्सेई झाली!”