पांढरा ओटा

मथुराबाईनं बाटलीतलं पाणी तळहातावर घेतलं आणि काळ्या दगडावर शिंपडलं. थोडा वेळ थांबून पदरानं पुसलं. मग वाकून उजेडाकडे तिरपं पाहिलं.

"ह्यो चांगला हाय, वहिनी. पानी पीत न्हाई."

सुनीतीवहिनींनी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. सकाळपासून त्यांचं हेच चाललं होतं. गाडीत तेच, इथे करीमभाईंच्या दगडांच्या दुकानातही तेच. मथुराबाईला वाटलं, पसंतीचं घोडं पेंड खातंय. वहिनींचा हा स्वभावच. एक पडदा घ्यायचा तर पाच दुकानं पालथी घालतील आणि सहाव्यात म्हणतील, पहिला बरा होता.

एकोणीस वर्षं ती कोथरूडला वहिनींकडे दोन्ही वेळचा स्वयंपाक करत होती. हडपसरहून पहिली बस, स्वारगेटला दुसरी. पूर्वी त्या सोसायटीत तिची चार घरं होती. एक घर पोराकडे परदेशी गेलं. एकानं तरणी बाई ठेवली. एकानं तर फार गोडीनं सांगितलं, "मथुराबाई, आता तुम्हाला झेपत नाही." राहिलं हे एकच. आणि महिन्यापूर्वी वहिनींनी स्वयंपाकघर फोडायला काढलं, तेव्हा नुसतं म्हणाल्या, "काम संपलं की कळवते."

कळवते म्हणणारे कळवत नसतात, हे पुण्यात राहून कुणाला ठाऊक नाही? तो महिना मथुराबाईला घास गिळवत नव्हता. वय बासष्ट, गुडघे हे असे. नव्या दारात कोण उभं करणार? घरी सून तोंडानं काही बोलत नव्हती, पण ताट जरा जोरात ठेवायला लागली होती. आपण आता नुसत्या खाणाऱ्या झालो, हे मथुराबाईला त्या आवाजात ऐकू यायचं आणि मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

आणि आज वहिनी स्वतः गाडी घेऊन दारात आल्या. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. "ओट्याचा दगड बघायचाय. तुम्हीही चला," म्हणाल्या. मथुराबाईचा जीव भांड्यात पडला. जिला काढायचं, तिला कुणी ओटा दाखवायला नेतं का?

म्हणून तर ती आज जीव लावून निवडत होती. करीमभाईंनी त्याच काळ्या दगडाची चकचकीत पॉलिशची फरशी दाखवली. "आरसा आहे आरसा, मावशी."

"मला काय भांग पाडायचा हाय त्यात? कनकेचा हात लागला की समदं दिसतंय."

करीमभाई हसले आणि त्यांनी लेदर फिनिशचा दगड पुढे केला. मथुराबाईनं त्यावरून तळवा फिरवला. हाताला किंचित खरखर लागत होती. यावर ओलं भांडं सरकायचं नाही. तेलाचा हात लागला तरी दिसायचा नाही.

"ह्योच."

"ताई, यांचं ऐका," करीमभाई वहिनींना म्हणाले. "ज्याचा हात फिरणार, त्यानंच दगड निवडावा."

मथुराबाईला भरून आलं. लग्न ठरवताना तिला कुणी विचारलं नव्हतं. गावाचं शहर झालं आणि दिरांनी शेत विकलं, तेव्हाही नव्हतं. तिला धीर आला. कड गोल ठेवा म्हणाली. सिंक खिडकीखाली घ्या म्हणाली. शेवटी जरा लाजत म्हणाली, "आन् वहिनी, ओटा दोन बोटं खाली घेतला तर? खांदं दुखत्यात माझं. मग आजून पाच वर्सं मला बघायला नको."

वहिनींनी चष्मा काढून पुसला. तो पुसून झाल्यावर पुन्हा पुसला. मग मथुराबाईकडे न बघता त्या पलीकडच्या रांगेत गेल्या आणि एका पांढऱ्या संगमरवरापुढे उभ्या राहिल्या. त्यात करड्या रंगाच्या बारीक शिरा होत्या.

"करीमभाई, हा द्या. चकचकीत पॉलिश करून."

"ओट्याला?" करीमभाई गडबडले. "ताई, मी विकायला बसलोय, मला काय. पण हा रोजच्या स्वयंपाकाचा नाही. लिंबू सांडलं की चट्टा पडतो. हळद तर हा पिऊनच टाकतो. उद्या माझ्या नावानं खडे फोडाल."

मथुराबाई लगबगीनं मध्ये आली. पांढऱ्या दगडाला पाठ लावून उभीच राहिली. तिला खरोखर भीती वाटली. या दगडावर पहिला डाग पडेल तो आपल्या हातून, आणि त्या डागापायी हे घरही जाईल.

"वहिनी, आईका माझं. आपल्याकडं रोज आमटी, रोज फोडनी. आमसूल हाय, चिंच हाय. म्या कितीबी जपलं तरी म्हातारीचा हात हाय, कवातरी चुकनारच. सहा म्हैन्यांत वाट लागंल ह्याची. डाग पडल्याबिगर ऱ्हानार न्हाईत."

वहिनींनी पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत पाहिलं. सकाळपासून अडलेलं आता एकदाचं ओठांवर आलं.

"नाही पडणार डाग, मथुराबाई. घरात आता काही शिजणारच नाही. दोन्ही वेळचा डबा लावलाय आम्ही."