गाळलेली हवा

सिस्टर विमलताईंनी किल्ली मुठीतून सोडली नाही. "सर, खोली एकदा उघडली की संपलं. परत धुवा, परत बुरशी तपासा. सोमवारी पोराला दाखल करायचंय."

"ही माणसं सोमवारपर्यंत थांबतील का, ते सांगा," डॉक्टर म्हणाले.

व्हरांड्यात चटयांवर माणसं पडली होती. यंदा कपाशी डोक्यावर गेलेली, फवारताना किडीचं औषध तोंडावरच उडायचं. सकाळपासून बारा जण आले होते. वॉर्डात खाट उरली नव्हती, ऑक्सिजन उरला नव्हता. या बंद खोलीत चार खाटा होत्या, प्रत्येक खाटेला ऑक्सिजन होता आणि हवा गाळून येत होती.

इथलं पहिलं अस्थिमज्जा प्रत्यारोपण त्या खोलीत व्हायचं होतं. बोरी अरबचा अकरा वर्षांचा धम्मरत्न, सिकलसेल या रक्ताच्या आजाराचा. त्याची थोरली बहीण रुपाली तपासणीत त्याला जुळली होती. तिच्या हाडांतली मज्जा त्याला द्यायची होती. त्यासाठी विमलताई सहा महिने मुंबईला राहून शिकून आल्या होत्या.

"नागपूरला पाठवा सर यांना."

"दोन्ही गाड्या गेल्यात." डॉक्टर फोनकडे वळले.

दाराजवळच्या चटईवर तानाबाई नवऱ्याचं, उकंडाचं, डोकं मांडीवर घेऊन बसली होती. "बाई, आतनी खाटा रिकाम्या हायेत म्हन्ते."

"एका लहान पोरासाठी हाये ते खोली," विमलताई म्हणाल्या. " त्याले बाहेरची हवा लागली त वाचत नाही तो."

"असं हाये का," तानाबाई म्हणाली. पदरानं तिनं उकंडाच्या तोंडावरचा फेस पुसला.

दोनच्या सुमारास आणखी एक जीप आली. धम्मरत्नची आई सत्यभामा उतरली. मागून दोघांनी एका पोरीला स्ट्रेचरवर उचलून आणलं. कपडे छातीपासून ओले, औषधाचा उग्र वास. रुपाली.

"फवारा नाही मारला बाई तिनं," सत्यभामा सांगत होती. "पंपात पानी भरून देत होती निस्ती. सोमवारपासून येता येनार नाही, म्हून आजच काम उरकून राह्यली होती."

तिचं बोलणं पुरं व्हायच्या आत विमलताईंनी बंद खोलीचं दार उघडलं होतं. चिखलानं माखलेलं स्ट्रेचर तसंच आत गेलं. त्यांनी रुपालीला पहिल्या खाटेवर घेतलं, मास्क लावला, सुई टोचली.

"सोमवारचं कसं होईन?" सत्यभामानं दारातून विचारलं.

विमलताई बाहेर आल्या. "आणा, आणखी तिघांना आणा आत." दोघांना उचलून नेलं. तिसऱ्यासाठी त्या स्वतः उकंडापाशी वाकल्या. "चला, याईले घेऊ."

तानाबाईनं त्यांच्याकडे पाहिलं. "आता राहू द्या, बाई. त्या पलीकडच्याले न्या. त्याचा श्वास चालू हाये."

आणि स्ट्रेचरला वाट व्हावी म्हणून तिनं उकंडाचे पाय दोन्ही हातांनी भिंतीकडे ओढून घेतले.