आवडतीच सोडली

चातुर्मासात कुणी कांदा-लसूण सोडतं, कुणी वांगी. चारूताई दरवर्षी 'खडखडाट' या फारशा कुणी न ऐकलेल्या पंक बँडची एक कॅसेट सोडत असे.

तुळशीचं लग्न लागलं, व्रत सुटलं. कॉलेजपासूनचा मित्र मिलिंद हक्काने टेपरेकॉर्डरपाशी येऊन बसला. "चारू, पहिली कॅसेट लाव! काय बोंबलायचे लेकाचे! शेवटच्या कॅसेटमध्ये नुसतं भजनी मंडळ झालं त्यांचं."

"पहिली मी यंदा सोडलीच नव्हती. शेवटची सोडली होती."

"नावडतं सोडून पुण्य लागतं होय गं?"

"नाही लागत," ती शांतपणे म्हणाली. "म्हणून तर आवडतीच सोडली."

तिने शेवटची लावली. एकेकाळी शिरा ताणून ओरडणारा गायक आता पेंगणाऱ्या बाळाला थोपटावं तसा गात होता. टोमणा मारायला सरसावलेल्या मिलिंदने हळूच आवाज वाढवला.

बाजू संपली. चारूताई तुळशीपाशी दिवा लावून परतली, तोवर त्याने कॅसेट उलटून लावलीसुद्धा होती.